खेळाला घातलेलं कुंपण

आज जरा लांबचा विषय घेतो आहे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या अकरा छोट्या कॉलेजांनी आपापसात केलेल्या एका कराराचा. तुम्ही म्हणाल, नगरच्या निवृत्त मास्तराला अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांशी काय देणंघेणं? कारण साधं आहे. पुतणीची मुलगी तिकडच्या अशाच एका कॉलेजात शिकून आली. फोनवर ती म्हणायची, "आजोबा, दुपारी चारनंतर आमच्या होस्टेलमध्ये शुकशुकाट असतो, सगळे मैदानावर." मला नवल वाटलं. उत्तम अभ्यासासाठी नावाजलेलं कॉलेज, आणि चारनंतर सगळे मैदानावर? मग वाचायला लागलो, आणि वाचता वाचता जे हाती आलं ते तुमच्यापुढे मांडतो.

या करारातून जी संघटना झाली तिचं नाव न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज ॲथलेटिक कॉन्फरन्स. सगळे तिला 'नेस्कॅक' म्हणतात. कॉन्फरन्स म्हणजे इथे भाषणांची परिषद नव्हे. एका टापूतली, साधारण एका वजनाची कॉलेजं एकत्र येऊन आपापसात सामने खेळतात आणि त्यांचे नियम ठरवतात, तो गट म्हणजे कॉन्फरन्स. आपल्याकडे विद्यापीठ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवतं आणि संलग्न कॉलेजं संघ पाठवतात. तिकडे ही कॉलेजं कुणाशी संलग्न नाहीत, स्वतःची पदवी स्वतः देतात. त्यामुळे कुणाशी खेळायचं आणि कुठल्या अटींवर, हेही त्यांचं त्यांनाच ठरवावं लागतं.

यातली नावं आपल्याला अगदीच परकी नाहीत. मिशनऱ्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना गॉर्डन हॉल हे नाव ठाऊक असेल. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, त्यात हॉल आणि सॅम्युएल नॉट होते. हॉल विल्यम्स कॉलेजचा पदवीधर, नॉट युनियन कॉलेजचा, दोघेही १८०८ सालचे. हॉल मराठी शिकला, मुंबईत राहिला आणि १८२६ साली नाशिक भागात फिरतीवर असताना कॉलऱ्याने गेला. याच मिशनने पुढे आमच्या नगरात (आताच्या अहिल्यानगरात) शाळा काढल्या. तर १९७१ साली नेस्कॅक स्थापन झाली तेव्हाच्या अकरा कॉलेजांत विल्यम्सही होतं आणि युनियनही. बाकीची नऊ म्हणजे ॲमर्स्ट, बेट्स, बोडन, कोल्बी, हॅमिल्टन, मिडलबरी, ट्रिनिटी, टफ्ट्स आणि वेस्लियन. सगळी एकोणिसाव्या शतकातली किंवा त्याआधीची. त्यातल्या बहुतेकांत आजही दोन-तीन हजारांच्या आसपासच विद्यार्थी आहेत. टफ्ट्स तेवढं मोठं.

आता करार करायची वेळ का आली ते पाहू. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेत दोन कॉलेजांमधली पहिली स्पर्धा १८५२ साली झाली. हार्वर्ड आणि येल यांची नौकांची शर्यत. गंमत अशी की तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण शर्यत बघायला लोक गाडीने येतील आणि तिकिटं खपतील! म्हणजे कॉलेजचा खेळ आणि पैसा यांची गाठ पहिल्याच दिवशी बसली. त्याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. १ जुलै १८५९. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड गावी ॲमर्स्ट आणि विल्यम्स यांच्यात बेसबॉलचा सामना झाला. कॉलेजांमधला हा पहिला बेसबॉल सामना मानतात. ॲमर्स्टने तो ७३ विरुद्ध ३२ असा जिंकला. दोन्ही कॉलेजांनी त्याला जोडून बुद्धिबळाचा सामनाही ठेवला होता, तोही ॲमर्स्टनेच जिंकला. एक दिवस अंगाची परीक्षा, एक दिवस डोक्याची. मला हे फार आवडलं.

पण पुढची पन्नास वर्षं बुद्धिबळाची नव्हती, फुटबॉलची होती. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे अंगावर अंग आदळून खेळायचा. १९०५ च्या हंगामात देशभरात डझनाहून जास्त तरुण या खेळापायी दगावले. थिओडोर रूझवेल्ट तेव्हा राष्ट्राध्यक्ष. त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून हे आवरा म्हणून सांगितलं. त्यातूनच १९०६ साली एक देशव्यापी संघटना निघाली. १९१० पासून तिचं नाव नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, थोडक्यात एनसीएए. मरण्याचं प्रमाण हळूहळू कमी झालं, पैशाचं वाढत गेलं. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशनने शंभरहून जास्त कॉलेजांत फिरून अहवाल काढला. खेळाडूंना वेगवेगळ्या नावांखाली पैसे देणं, खोट्या नोकऱ्या दाखवणं, प्रशिक्षकांनी प्राध्यापकांच्या डोक्यावर बसणं, सगळं त्यात आलं. अहवाल गाजला, आणि चालू होतं ते तसंच चालू राहिलं.

आता इथे एक प्रश्न मनात येतो. प्राचार्यांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. अडचण वेगळीच होती. समजा एका कॉलेजने ठरवलं, आम्ही खेळाडूला वेगळा पैसा देणार नाही, सराव आठवड्यात इतकाच, परीक्षेच्या वेळी सामना नाही. शेजारचं कॉलेज तसं करत नाही. मग पुढच्या वर्षी हे कॉलेज सगळे सामने हरणार. माजी विद्यार्थी चिडणार, देणगी आटणार, आणि दोन वर्षांत प्राचार्य तरी बदलणार नाहीतर धोरण तरी. एकट्याने सोवळं पाळून इथे भागत नाही. पाळायचं तर ज्यांच्याशी स्पर्धा आहे त्या सगळ्यांनी एकदम पाळायला हवं. नेस्कॅकचं सगळं महत्त्व मला या एका गोष्टीत दिसतं.

पहिलं पाऊल १९५५ साली पडलं. ॲमर्स्ट, बोडन, वेस्लियन आणि विल्यम्स या चार कॉलेजांनी खेळांबद्दल एक करारनामा तयार केला. वर्षभरच आधी, १९५४ साली, हार्वर्ड-येलसारख्या आठ विद्यापीठांनी आयव्ही लीगचा असाच करार केला होता, तो डोळ्यापुढे असणारच. आणि वर्षभरानंतर, १९५६ साली, एनसीएएने नेमकं उलट पाऊल टाकलं. घरची गरज असो नसो, केवळ खेळतो म्हणून विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यायला अधिकृत परवानगी दिली. म्हणजे देशाचा रस्ता एकीकडे वळला आणि ही चार कॉलेजं दुसरीकडे.

१९७१ साली चाराची अकरा झाली आणि नेस्कॅक जन्माला आली. तिची कलमं मास्तराच्या नजरेतून सांगतो. खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती नाही, मदत मिळेल ती घरची गरज बघून. सराव ठरल्या तारखेआधी सुरू करायचा नाही, हंगाम एनसीएएच्या मर्यादेपेक्षाही आखूड. प्रशिक्षकाने खेळाडू हेरत गावोगाव फिरायचं नाही. संघाने हंगामानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेत जायचं नाही. या सगळ्यावर शेवटचा शब्द कॉलेजच्या अध्यक्षांचा, क्रीडा विभागाचा नाही. आणि सर्वात महत्त्वाचं तत्त्व असं, की संघातली मुलं ही त्या कॉलेजच्या एकूण विद्यार्थ्यांसारखीच असावीत. खेळाडूंची निराळी जात कॉलेजात तयार होऊ नये. गंमत म्हणजे या कॉन्फरन्सचं स्वतःचं अजिंक्यपदही बरीच वर्षं नव्हतं. एकमेकांशी खेळायचं, घरी जायचं, उद्याच्या तासाची तयारी करायची!

१९७३ साली एनसीएएनेही आपले तीन विभाग केले आणि तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असं ठरवलं. छोटी कॉलेजं त्या विभागात गेली. नेस्कॅकचे नियम त्यांच्याहूनही कडक राहिले.

कुंपण घातलं की ते कुठेतरी मोडतंच. इथे ते पहिल्यांदा मोडलं युनियन कॉलेजात, आणि निमित्त झालं आइस हॉकीचं. युनियनने १९७५ साली नेड हार्कनेस नावाचा प्रशिक्षक आणला. हा माणूस साधासुधा नव्हता. आधी दोन वेगवेगळ्या कॉलेजांना त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं होतं आणि व्यावसायिक संघालाही शिकवलं होतं. असा माणूस गावातल्या गावात खेळायला थोडाच येतो? खेळाडू मिळवण्याच्या नियमांवरून वाद पेटला आणि १९७७ साली युनियन कॉन्फरन्समधून बाहेर पडलं. पुढे १९८२ साली कनेक्टिकट कॉलेज आलं आणि पुन्हा अकराचा आकडा पुरा झाला.

युनियनची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी बाकीचे खेळ छोट्यांच्या विभागात ठेवले आणि १९९१ पासून हॉकी मोठ्यांच्या विभागात नेली. २०१४ साली या जेमतेम बावीसशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजने मिनेसोटासारख्या प्रचंड विद्यापीठाला ७ विरुद्ध ४ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. तेव्हा युनियन चुकलं असं कसं म्हणणार? त्या गावातल्या लोकांचा आनंद खोटा नव्हता. कुंपणाच्या आत राहणाऱ्यांनी आपण काय सोडतो आहोत हे विसरू नये, एवढाच त्याचा अर्थ.

याच काळात आणखी एक मोठी गोष्ट घडत होती, ती मुलींची. यातली बरीच कॉलेजं फक्त मुलांची होती. विल्यम्सने १९७० च्या सुमारास मुली घेतल्या, बोडनने १९७१ साली, ॲमर्स्टने तर १९७५ साली. (बेट्समध्ये मात्र पहिल्यापासून मुली होत्या, आणि कनेक्टिकट कॉलेज मुळात मुलींसाठीच निघालेलं.) १९७२ साली कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही. 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. खेळही त्यात आले. त्याचं फळ किती लवकर दिसलं पाहा. बोडन कॉलेजात शिकणारी जोन बेनॉइट ही मुलगी १९७९ साली बोस्टन मॅरेथॉन जिंकली आणि १९८४ साली लॉस एंजलिसला ऑलिंपिकमधली स्त्रियांची पहिलीवहिली मॅरेथॉनही. तिचं कॉलेज आठ-दहा वर्षांपूर्वी मुलींना दारातही घेत नव्हतं!

मग १९९३ साल आलं. बावीस वर्षं राष्ट्रीय स्पर्धांचं दार संघांना बंद होतं. एकेकटा खेळाडू जाऊ शकत असे, संघ नाही. मुलांचं म्हणणं होतं, आम्ही सगळे सामने जिंकलो तरी हंगाम संपल्यावर घरी का बसायचं? अध्यक्षांनी प्रयोग म्हणून परवानगी दिली, आणि प्रयोग कायम झाला. फुटबॉलला मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं ते दार बंदच ठेवलं. १९९९ पासून कॉन्फरन्सने स्वतःची अजिंक्यपदंही सुरू केली.

दार उघडल्यावर काय झालं? मिडलबरीने आइस हॉकीत १९९५ ते १९९९ अशी सलग पाच वर्षं तिसऱ्या विभागाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. बास्केटबॉलमध्ये २००३ साली विल्यम्स, २००७ साली ॲमर्स्ट. सगळ्या खेळांचे गुण मिळून कॉलेजांना एक राष्ट्रीय करंडक देतात. तिसऱ्या विभागात तो १९९५-९६ पासून सुरू झाला आणि पहिली दोन-अडीच दशकं बहुतेक वेळा विल्यम्सनेच नेला. स्क्वॉशची तर कथाच निराळी. हा खेळ एनसीएएच्या कक्षेबाहेरचा. ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले, शेवटी येलने त्यांना रोखलं. त्या संघांत जगभरातून आलेली मुलं होती आणि त्यांत आपल्या मुंबईत स्क्वॉश शिकलेली मुलंही होती. दोनशे वर्षांपूर्वी तिकडून हॉल आणि नॉट इकडे आले, आता इकडची मुलं रॅकेट घेऊन तिकडे गेली.

म्हणजे शिष्यवृत्ती न देताही हे संघ इतके बलाढ्य कसे? इथे खरी मेख आहे.

२००१ साली जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन यांचं 'द गेम ऑफ लाइफ' हे पुस्तक आलं. बोवेन हे प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष, म्हणजे घरातलाच माणूस. दोन वर्षांनी बोवेन आणि सॅरा लेव्हिन यांनी त्याचा पुढचा भाग लिहिला, 'रिक्लेमिंग द गेम'. त्यांनी नामांकित कॉलेजांतल्या हजारो विद्यार्थ्यांची माहिती तपासली. प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाच्या यादीतल्या मुलाला इतरांपेक्षा कितीतरी जास्त संधी मिळते, आणि तोच मुलगा पुढे वर्गात आपल्या कुवतीपेक्षाही मागे पडतो, असं त्यांना दिसलं. आणि हे छोट्या कॉलेजांत जास्त टोचतं. का, ते साधं गणित आहे. फुटबॉलचा संघ म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मुलं. विद्यापीठ चाळीस हजारांचं असो की कॉलेज दोन हजारांचं, संघ तेवढाच लागतो. त्यात विल्यम्ससारख्या कॉलेजात तीसहून जास्त संघ. मोठ्या विद्यापीठात खेळाडू म्हणजे भाजीतलं मीठ, छोट्या कॉलेजात ते जवळजवळ तिसरा हिस्सा! म्हणजे पैशाच्या दाराला कुलूप लावलं, तर ईर्षा प्रवेशाच्या दाराने आत आली. 'खेळाडू इतर विद्यार्थ्यांसारखेच असावेत' हे मूळ तत्त्वच धोक्यात आलं.

पण त्यानंतर जे घडलं ते मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तक खोटं म्हणून कुणी फेकून दिलं नाही. अध्यक्ष पुन्हा एकत्र बसले, आणि खेळाच्या जोरावर द्यायच्या प्रवेशांना मर्यादा घातल्या. पुरेशा घातल्या का, यावर तिकडे वाद आहे आणि राहील. तरी बसायला एक टेबल होतं, आणि त्या टेबलाशी एकमेकांचे प्रतिस्पर्धी बसत होते.

आता माझ्या अनुभवातलं एक सांगतो. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एक मुलगा होता, कबड्डीत पट्टीचा. चढाईला गेला की समोरचे सात जण मागे सरकायचे. अभ्यासात मध्यम, पण इतिहास मन लावून ऐकायचा. दहावी-बारावीनंतर एका कॉलेजने (नाव घेत नाही) त्याला फी माफ करून नेलं. तीन वर्षं त्याने त्यांना ढाली आणून दिल्या. हजेरी आपोआप लागायची. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला, आणि मग हजेरीही लागेना. त्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात ढाली आहेत, त्याच्याकडे पदवी नाही. त्या कॉलेजचा मला राग येतो. पण ते नसतं तर शेजारच्या कॉलेजने त्याला नेलं असतं आणि तेच केलं असतं, हेही दिसतं. आपल्याकडे खेळाडूंना क्रीडागुण आहेत, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण चार प्राचार्य एकत्र बसून 'आपण कुणीच असं करायचं नाही' म्हणाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आणि अमेरिकेतला मोठा रस्ता आता कुठे पोचला? २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीला विकता येऊ लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली, आणि १ जुलै २०२५ पासून पहिल्या विभागातली विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी डॉलर. त्यातही एक न्याय आहे. ज्यांच्या घामावर इतरांनी शंभर वर्षं कमावलं त्यांना त्यांचा वाटा मिळतो आहे. फक्त त्याला आता विद्यार्थ्याचा खेळ म्हणायचं की नोकरी, हे ज्याने त्याने ठरवावं.

त्या शेजारी ही अकरा कॉलेजं उभी आहेत. तीही पूर्ण सोवळी नाहीत, हे वर आलंच. चारनंतर मैदानावर जाणाऱ्या पोरांना थकवा येतोच, आणि बरेचदा दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगही येते, असं आमची मुलगी सांगते. पण त्यांची फी कबड्डीवर माफ झालेली नाही, म्हणून गुडघा गेला तरी त्यांचं शिक्षण जात नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला एवढं जरी मिळालं असतं तरी पुष्कळ होतं. आज तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो.

असो. तुमच्या गावातल्या कॉलेजांनी कधी आपापसात असं काही ठरवलं असेल, निदान प्रयत्न केला असेल, तर मला जरूर कळवा. तो इतिहासही कुणीतरी लिहून ठेवायला हवा.